धोंडाबाईची पैज

भाजे गावच्या धोंडाबाईनं नवऱ्याच्या बिडीच्या नावानं तीस वर्षं खडे फोडले, पण दत्तोबांनी कधी मनावर घेतलं नाही. गेल्या सुगीत धाकटा दीर केरबा भात झोडता झोडता छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून नवऱ्याचंही तसंच होईल अशी तिला भीती वाटू लागली. म्हणून मळवलीत तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा तिनं पैज लावली: त्यांच्या रक्ताच्या नळ्या बिघडलेल्या निघाल्या तर बिडी बंद, नाही निघाल्या तर ती बिडीचा विषयच काढणार नाही. दत्तोबा हसत तयार झाले. या वयातही ते लोहगड न थांबता चढत होते.

शिबिरात त्यांची नात सृष्टीच नर्स होती. तिनं आबांच्या हाताला पट्टा आवळला, पाच मिनिटांनी सोडला आणि यंत्राच्या पडद्याकडं बघत समजावू लागली. रक्तवाहिनीला आतून नाजूक अस्तर असतं. ते धड असलं तर रक्ताचा लोंढा आला की नळी रुंदावते. तंबाखूनं ते दुखावतं, मग तिथं हळूहळू चरबी शिरून साचते, आणि माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

आबांची नळी जेमतेम रुंदावली. धोंडाबाईला काळजी वाटायला हवी होती, पण आधी जिंकल्याचाच आनंद झाला.

"आता हिची बघ," दत्तोबा म्हणाले. ती ऐटीत आडवी झाली. तिची नळी तर त्यांच्याहून कमी हलली.

तंबाखू घेतेस का, असं सृष्टीनं विचारलं.

"जन्मात हात लावला न्हाई." धोंडाबाई ठणकावून म्हणाली.

दत्तोबांनी तिच्या काळ्या पडलेल्या बोटाकडं बघितलं.

"ती मिसरी हाय. दात घासायची."

"आजी, मिसरीसाठी तव्यावर तू काय भाजतेस? तंबाखूच ना? सगळं घर खोकत बाहेर पळतं."

धोंडाबाईनं ते बोट पदराआड लपवलं. दत्तोबांनी मोठ्या दिलदारीनं खिशातला बिड्यांचा कट्टा टेबलावर टाकला. "हरलो. पर तुझी मिसरीची डबी गेली तरच माझी बिडी गेली."

तिला असा राग आला की वाटलं, ओढू दे हवी तेवढी. मिसरीशिवाय तिची एक सकाळ गेली नव्हती. पण खळ्यात आडवा पडलेला केरबा डोळ्यांपुढं आला, आणि तिनं कनवटीची डबी काढून नातीच्या हातावर ठेवली.

"त्यो कट्टा नुसता दाखवण्यापुरता हाय," ती शांतपणे नातीला म्हणाली. "खऱ्या बिड्या ह्यांच्या टोपीच्या घडीत हायत. काढ त्या."