ओढ्याची आणि तळ्याची

टिल्डेने पेटीच्या काचेवर भिंग टेकवलं, उचललं, स्वेटरच्या बाहीला पुसलं आणि पुन्हा टेकवलं. आंकर कॉफी ओतता ओतता ते पाहत होता. भिंग स्वच्छच होतं.

"आंकर, ही कुणी ओळखली होती?"

"त्या पेट्यांतली प्रत्येक गुडरूनने ओळखलेली. मी नुसता कारकून. चिठ्ठ्या लिहायचो."

चिठ्ठ्यांवरचं अक्षर त्याचंच होतं. सगळी नोकरी त्याने नगरपालिकेत नकाशे काढण्यात घालवली होती, त्यामुळे मुंगीएवढं लिहायची सवय होती. गुडरून शाळेत शिकवायची आणि तिने फळ्यावर लिहिलेलं पोरांना लागत नसे. म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरून गेलं, किडे तिने ओळखायचे, चिठ्ठ्या त्याने लिहायच्या.

तिला जाऊन चौदा महिने झाले होते. पेट्या संग्रहालयाला द्यायच्या, हे तिनेच सांगून ठेवलं होतं. संग्रहालयात पाणनिवळ्यांचा, म्हणजे पाण्यावर पळणाऱ्या त्या लांब पायांच्या किड्यांचा, नवा नकाशा तयार होत होता आणि त्यासाठी टिल्डे आली होती. जी जात जिथे सापडली तिथे एक ठिपका. व्हेलबेकच्या ओढ्यावरचे सगळे ठिपके गुडरूनचे होते. दुपारी टिल्डेला ओढाही दाखवायचा, असं आंकरने ठरवलं होतं. कोट सकाळीच घासून खुंटीला लावला होता.

"यावर लिहिलंय, ओढ्याची पाणनिवळी, व्हेलबेक, ऑगस्ट १९९१," टिल्डे म्हणाली. "पण हिला मागे दोन लांब काटे आहेत. पोटाच्या टोकाच्याही बाहेर आलेत. ही तळ्याची आहे. आणि शेजारची, जिच्यावर तळ्याची लिहिलंय, तिचे काटे आखूड आहेत. ती ओढ्याची."

आंकरने किटली खाली ठेवली. ती टेबलावर ठेवायची होती, ती ठेवली गेली पावाच्या ताटलीवर.

"इतक्या पेट्यांत एखादी चुकली, तर एवढं काय पोरी?"

"एखादी चुकली तर काहीच नाही. पण या दोघी अवघड नाहीत हो. आमची पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा ओळखतात. आणि १९९४ नंतर तुमच्याकडे किडेच नाहीत. नुसत्या वह्या आहेत."

ते खरं होतं. त्या वर्षापासून गुडरूनने किडे मारणं सोडलं. बाटलीत घ्यायची, भिंगातून बघायची, वहीत लिहायची आणि परत पाण्यावर सोडायची. बघून झाल्यावर मारायचं कशाला, म्हणायची.

"वहीवर विश्वास ठेवायचा तर ओळखणाऱ्यावर ठेवावा लागतो," टिल्डे हळू आवाजात म्हणाली. "ही पेटी मला साहेबांना दाखवावीच लागेल. ते म्हणतील, वह्यांतले ठिपके वगळा."

"किती?"

"सगळेच."

आंकर खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर एप्रिलचं कोवळं ऊन होतं. अशा उन्हात रविवारी ते दोघं सायकली घेऊन निघत. थर्मासमध्ये कॉफी, कागदात गुंडाळलेला काळा पाव आणि चीज. ओढ्यावरच्या पुलाखाली, सावलीत, पाणनिवळ्या प्रवाहाकडे तोंड करून एका जागी वल्हवत असायच्या. मोठ्या मादीच्या पाठीवर बारका नर.

"बघ त्याला," गुडरून म्हणायची. "आठवडेच्या आठवडे उतरत नाही. आयता हिंडतोय. ओळखीचा वाटतो का कुणी?"

"सायकलवर सामान कोण वाहतं ते बघ आधी," तो म्हणायचा.

दोघींतला फरक तिने त्याला कितीदा सांगितला होता. तळ्यावरची दोन काटे मिरवत फिरते. ओढ्यावरचीला प्रवाहापुढे मिरवायला वेळ नाही.

तो खिडकीकडून वळला.

"चूक तिची नाही. माझी आहे."

टिल्डेने भिंग खाली ठेवलं.

"दोन्ही एकाच दिवशी धरलेल्या. सकाळी ओढ्यावर, दुपारी तळ्यावर. तिने जागच्या जागी ओळखल्या आणि बाटल्या माझ्याकडे दिल्या. ओढ्याची डाव्या खिशात, तळ्याची उजव्या. परत येताना ती पुलावरून गेली. मला म्हणाली, दगडांवरून उड्या मारू नकोस, पन्नाशीला आलास. मी मारली. बसलो कमरेइतक्या पाण्यात. बाटल्या काढल्या, पुसल्या, परत ठेवल्या. कुठली कुठे, ते तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"उन्हात वाळून मग घरी गेलो. म्हटलं वाट चुकलो. चिठ्ठ्या अंदाजाने लावल्या. पुढे कधी विषय निघाला नाही, मला वाटलं अंदाज बरोबर ठरला."

टिल्डेने पुन्हा त्या दोन चिठ्ठ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला पटतं, आंकर. पण हे तुम्ही आज सांगताय. तेव्हाचं लिहिलेलं काहीतरी लागतं. साहेब म्हणतील, म्हातारा बायकोसाठी बोलतोय."

"बायकोसाठीच बोलतोय की."

ती कसनुशी हसली आणि पुढ्यात पेटी ओढून तिने काचेचं झाकण उघडलं. प्रत्येक टाचणीला संग्रहालयाचा नंबर लावायचा होता. या कामातला नियम एकच होता आणि तो गुडरूनही पाळायची. आधीची चिठ्ठी चुकीची असली तरी काढायची नाही. आपली लिहायची आणि तिच्या खाली टोचायची.

"टाचण्या मलासुद्धा उपसू द्यायची नाही ती," आंकर म्हणाला. "एकदा खोचली की पेटी तिची."

टिल्डेने चिमट्याने ती टाचणी बुचाच्या थरातून उपसली. ती उजेडात धरली आणि थांबली. आंकरच्या चिठ्ठीखाली, तिला अगदी चिकटून, आणखी एक कागद टोचलेला होता. दोनदा घडी घातलेला. तिने चिमट्याच्या टोकाने घडी उलगडली, भिंग लावलं आणि भुवया आक्रसल्या.

"हे मला वाचता येत नाही."

"आण इकडे."

त्याला भिंग लागलं नाही. पेन्सिलीची ती फरफट त्याने पन्नास वर्षं वाचली होती, वाण्याच्या याद्यांवर, वह्यांच्या कडांना, शेवटी दवाखान्यातल्या पाटीवर. त्याने एकदा मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं.

"चिठ्ठ्या उलट लागल्यात. ही तळ्याची, शेजारची ओढ्याची. आंकरची विजार ओली होती. गुडरून. जानेवारी ९२."

टिल्डेने पुढे होऊन तारीख पाहिली. एकदा, दोनदा. मग ती खुर्चीला टेकून बसली.

"झालं," ती म्हणाली. "हे चालेल. आंकर, हे अगदी चालेल!"

आंकरने मान हलवली. तो खुंटीकडे पाहत होता.

कोट तोच होता, तपकिरी, कोपरांना कातड्याची ठिगळं लावलेला. त्या हिवाळ्यात गुडरूनने डाव्या खिशाचं चांगलं घट्ट बटण तोडून तिथे लाल बटण लावलं होतं. बाटली हातात देताना पुढची सगळी वर्षं न चुकता म्हणायची, "ओढा लालमध्ये, कारकून." आणि तो सगळ्यांना सांगत सुटायचा, किड्याच्या पायाचे केस मोजते ही बाई, पण दुकानात एक तपकिरी बटण सापडलं नाही हिला. त्यावर सगळे हसत. तीही हसायची.

टिल्डेने आपली नंबराची चिठ्ठी दोन्ही चिठ्ठ्यांच्या खाली टोचली आणि टाचणी जागेवर खोचली.

"आता ओढा बघू या का?" तिने विचारलं.

आंकरने कोट अंगात घातला. लाल बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. दाराशी टिल्डे पायात बूट चढवत होती. तिच्या बुटांच्या तळव्यांकडे त्याने पाहिलं.

"आपण पुलावरून जाऊ," तो म्हणाला. "दगड निसरडे आहेत."