दोन ओळींमधली जागा

'दोन मैल चिखल' हे गाणं माझ्या धाकट्या बहिणीनं, ओपल स्टिडमनं, स्वतः लिहिलं आणि गायलं. त्यात स्टील गिटार माझी. हे वाद्य आडवं मांडून, तारांवरून लोखंडी दांडी सरकवत वाजवतात. ओळ संपली की ओपल थांबायची आणि त्या जागेत माझी स्टील तिला उत्तर द्यायची. लहानपणापासून आमचं असंच चालायचं. आई म्हणायची, "ही बोलते आणि हा हुंकार देतो."

नॅशव्हिलच्या कंपनीनं त्या गाण्याच्या दोन रेकॉर्ड काढल्या. कंट्री संगीताच्या रेडिओ स्टेशनांसाठी माझ्यासकट, आणि शहरी पॉप स्टेशनांसाठी मला गाळून, व्हायोलिनांचा ताफा घालून. निर्माता म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, शहरातल्या लोकांना स्टील म्हणजे रडगाणं वाटतं." मी वाईट वाटून घेतलंच. ती दुसरी रेकॉर्ड देशभर गाजली. विमानतळांवर वाजली, दातांच्या डॉक्टरांकडे वाजली. आमच्या केंटकीतल्या गावच्या खानावळीत नाणं टाकून गाणं लावायच्या ज्यूकबॉक्समध्येही नेमकी तीच आली. आईनं ती ऐकून मला फोन केला, "डेल्मर, यात तू कुठे आहेस रे?"

वर्षभर ओपल त्या ताफ्याबरोबर फिरली आणि मी नॅशव्हिलमध्ये परक्यांच्या गाण्यांत वाजवत राहिलो. मग मे महिन्यात चर्चच्या मेळाव्याला आम्ही दोघंही गावी आलो. रिवाजाप्रमाणे पूर्वजांच्या थडग्यांवर फुलं वाहून झाली, झाडांखाली टेबलं लागली, आणि बीन्स आणि मक्याच्या पावाची ताटं घेऊन आम्ही बाजूला बसलो.

"दादा, सप्टेंबरपासून मोठा दौरा आहे. कॅलिफोर्निया, मग लंडन. तू चल. तुझ्यासाठी कंपनीशी भांडलेय मी."

"कशाला? रडगाणं न्यायचंय लंडनला?"

"फुगू नकोस. आजच काय ते सांग, उद्या मला वादकांची नावं कळवायचीत."

मला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. पण पहिल्याच हाकेला हो म्हटलं असतं तर मी स्टिडम कसला?

जेवणं झाल्यावर लोक गाण्यासाठी हटून बसले. चर्चच्या खिडकीतून विजेची वायर काढून मी स्टील मांडली. ओपलची पहिली ओळ संपली, मी उत्तर दिलं, आणि ती तोवर दुसऱ्या ओळीत शिरलेली. दोघांची टक्कर झाली. लोक हसले.

"शहरात राहून घाई सुटलीय पोरीला," पुडिंग वाढता वाढता व्हर्ना मावशी म्हणाली.

ओपल लाल झाली. "चुकलं माझं. ती व्हायोलिनं थांबतातच कुठे? पुन्हा घेऊ, दादा."

दुसऱ्यांदा ती थांबली. प्रत्येक ओळीला थांबली, माझ्याकडे बघितलं, माझं झाल्यावर पुढे गेली. कुठेही चुकलं नाही. आईनं डोळे पुसले. मला मात्र काही गोड लागेना. पूर्वी त्या जागेत ओपल डोळे मिटून ऐकायची, आणि मी खालच्या सुरांत उतरलो की तिची पुढची ओळही खालून यायची. आता ती म्हाताऱ्यासाठी दार धरून उभं राहावं तशी उभी होती. आणि खरं सांगायचं तर मघाशी माझ्या अंगावर धावून आलेली तिची ती ओळच जास्त चांगली होती. वर्षभर मी त्या रेकॉर्डच्या नावानं बोटं मोडली, आणि गाणं तर माझ्यावाचून मजेत वाढलेलं.

संध्याकाळी मी निघताना ती माझ्या गाडीशी आली. "मग? येतोयस ना?"

"नाही."

"अजून राग गेला नाही तुझा."

"राग असता तर आलोच असतो, तुला छळायला. ओपल, तुझ्या गाण्यात आता थांबायची गरज नाही. माझ्यासाठी मुद्दाम थांबत जाऊ नकोस. बरं दिसत नाही ते."

ती रडायला लागली. खोटं नव्हतं ते रडू, माझा सदरा भिजेपर्यंत रडली. पण रडण्याच्या आधी तिनं एक सुटकेचा श्वास सोडला होता. अगदी लहानसा, दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. मला मात्र तो स्पष्ट ऐकू आला.