आर्डिसचा संगणक बोलला, त्याची गोष्ट

चर्चच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. मांडीवरच्या ताटल्यांत बटाटा-खिम्याचं हॉटडिश निवत चाललं होतं आणि सगळ्यांचे डोळे मेलेल्यांचे आत्मे बोलावणाऱ्या ब्रदर लायसँडरच्या लॅपटॉपवर खिळले होते.

"यंत्र मरतं," ब्रदर गरजला, "पण त्यातला जीव कुठे जातो? ये आर्डिस, ये!"

पडदा काळा झाला, लुकलुकला, आणि त्यावर गेल्या वर्षी वारलेल्या आर्डिसचा जुना संगणक जसाच्या तसा उजळला. तोच तळ्याचा फोटो, त्याच तिच्या विणकामाच्या फायली. कोपऱ्यातली तारीखसुद्धा ती हयात असतानाची!

पहिल्या रांगेत तिचा नवरा वेंडेल ओकरलंड ढसाढसा रडत होता. हा गृहस्थ गावच्या शाळेत आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवत आलेला. चमचे वाकवणाऱ्या बुवांची टर उडवावी तर त्यानेच. "पुरावा कुठाय?" असं तो पोरांकडून घोकून घ्यायचा. आज विचारायची पाळी त्याची होती, तर सर रुमाल शोधत होते.

ब्रदरने एक फाईल उघडून वाचली, "'वेंडेल, तळ्याकाठची केबिन ब्रदरच्या साधनेला दे. मला शांती मिळेल.'"

"देतो! उद्याच सही करतो," वेंडेल हुंदका देत म्हणाला.

"थांब जरा." आर्डिसची धाकटी बहीण नादीन उठली. ती गावातली जनावरांची डॉक्टर. ती केबिन दोघी बहिणींनी आपल्या हातांनी बांधलेली. "ताईचा बंद पडलेला संगणक याला कुणी दिला होता?"

"मीच. आठवडाभर. मंतरायला."

"वा रे शास्त्रज्ञ!"

"हात लावू नका, आत्मा कोपेल!" ब्रदर ओरडेपर्यंत नादीनने कळ दाबली होती. आर्डिसचा संगणक आक्रसून एका चौकटीत बसला. मागे आजची तारीख होती आणि ब्रदरचा अर्धवट राहिलेला पत्त्यांचा डाव.

"याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात," नादीन म्हणाली. "लॅपटॉपची थोडी मेमरी, थोडी डिस्क घेऊन आत एक लटका संगणक उभा करायचा. ताईच्या डिस्कची नक्कल त्यात घातली, की जुन्या सिस्टीमला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. तारीख हवी ती लावा. माझं एक्स-रेचं जुनं सॉफ्टवेअर मी दवाखान्यात रोज असंच चालवते. एकही गाय भुताने झपाटलेली नाही."

लोक हसले. वेंडेल मात्र काकुळतीला आला. "पण निरोप तिचाच असेल ना गं?"

नादीनचा आवाज खाली आला. "वेंडेल, अशा मशीनची त्या-त्या वेळची स्थिती साठवून ठेवता येते. नक्कल केली तेव्हाची स्थिती याने पुसलेली नाही. बघ."

तिने मशीन त्या जुन्या स्थितीला परत नेलं. तळं होतं, विणकाम होतं. निरोपाची फाईल नव्हती.

"अश्रद्धेने लहरी बिघडल्या," ब्रदर पुटपुटला आणि लॅपटॉप तसाच टाकून मागच्या दाराने सटकला.

वेंडेलने नाक पुसलं आणि गावकऱ्यांकडे तोंड केलं. "मला वाटायचं, फसतात ते अडाणी. मी तर भौतिकशास्त्र शिकवूनही फसलो, आणि तेही पत्ते खेळणाऱ्या माणसाकडून! मला आर्डिस परत हवी होती, म्हणून मी काही विचारलंच नाही. तुम्ही विचारा. जे खरं असावं असं फार फार वाटतं ना, तिथे तर आधी विचारा."