भावाआधी बिऱ्हाड

हेस्टरबाईंचे गुडघे गेले, तिथून हे सगळं सुरू झालं. त्यांचं घर कालव्याला अगदी लागून, तीन मजली, आणि जिना इतका उभा की त्यांचं मांजरसुद्धा मधल्या पायरीवर दम खातं. न्हाणीघर वर, स्वयंपाकघर खाली. फेब्रुवारीत एकदा त्या पायरी-पायरीवर बसत खाली आल्या, तोवर चहाची वेळ टळून गेली होती. "लिनेट, पुढचा हिवाळा याच जिन्यावर काढला ना, तर मला खाली चौघं आणतील," असं त्यांनी माझ्या दुकानात भर गिऱ्हाइकांत जाहीर केलं.

त्यांना हवा होता डेस्मंडचा बैठा बंगला. बायको गेल्यापासून डेस्मंडला बाग नकोशी झाली होती. त्याला मी राहते ती माझ्या दुकानावरची माडी हवी होती, कारण तिची खिडकी थेट कालव्याच्या लॉकवर उघडते आणि बोटवाले पाण्याची दारं उघडताना घालतात तो गोंधळ तिथून फुकटात दिसतो. आणि मला हवं होतं हेस्टरबाईंचं घर. वरच्या दोन खोल्या उन्हाळ्यात प्रवाशांना द्यायच्या, हा हिशेब माझ्या डोक्यात कधीचा तयार होता.

तिघंही इथलेच, त्यामुळे पबमध्ये बसून भाव ठरले. घरांचा एजंट जाइल्स तर हरखून गेला. आमच्याकडे आपलं घर विकल्याशिवाय कुणी दुसरं घेत नाही, म्हणून जो तो पुढच्याची शेपटी धरून उभा असतो. आमची शेपटी फिरून आमच्याच हातात आली होती. "इतकी सोपी साखळी मी जन्मात पाहिली नाही," जाइल्स म्हणाला.

मे महिन्यात पुलाजवळचं जुनं घर विकलं गेलं. त्याचं न्हाणीघर एवढंसं, की आत छत्रीसुद्धा उघडत नाही. लंडनच्या एका जोडप्याने ते पाच लाख पौंडांना घेतलं, का तर पाण्याकाठी आहे.

दुसऱ्या दिवशी डेस्मंड दूध घ्यायला आला.

"लिनेट, राग मानू नकोस, पण मी भाव वाढवतोय."

"तुझ्या घरातून कालवा दिसत नाही, डेस्मंड."

"वास येतो की!"

हे ऐकून हेस्टरबाई कशा मागे राहतील? "माझ्या तर दारात बदकं येतात," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्याहून जास्त वाढवला.

मी डेस्मंडला समजावलं, "अरे, तिघांनी सारखंच वाढवलं तर कुणाच्या पदरात काय पडणार? एका हाताने घ्यायचं, दुसऱ्या हाताने द्यायचं. वाढेल तो सरकारचा कर आणि जाइल्सचं कमिशन."

त्याने दुधाची बाटली पिशवीत ठेवली. "म्हणजे तू वाढवणार नाहीस?"

"असं कुठे म्हटलं मी?"

मीही वाढवला. हिशेब कळत होता, पण सगळे वाढवत असताना आपण तेवढं गप्प बसायचं म्हणजे काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. काय हरवतं, ते मला आजही सांगता येणार नाही. उन्हाळाभर हेच चाललं. एकाने वाढवला की बाकीचे दोघं वाढवत, वकील नवे कागद करत, आणि जाइल्स "बाजार तापलाय" म्हणत चकरा मारी.

ऑक्टोबरात हेस्टरबाई जिन्यावरून घसरल्या. दोनच पायऱ्या, पण पुरेशा होत्या. त्याच दुपारी त्या काठी टेकत निघाल्या. त्यांची चाकांची बॅग मी ओढत होते. मला वाटलं, दवाखान्यात निघाल्या. त्या थांबल्या त्या डेस्मंडच्या दारात.

"डेस्मंड, किटली ठेव."

"ठेवतो, पण हेस्टर, भावाचं अजून..."

"भाव तू सावकाश ठरव. मी इथे झोपणार आहे."

जिच्यासाठी किटली ठेवली त्या बाईला घराबाहेर काढणं आमच्या गावात कुणाच्या बापाला जमायचं नाही. दोन कप चहा झाला. संध्याकाळी डेस्मंड पायजमा आणि कुत्रा घेऊन माझ्या दारात हजर.

"माझ्या घरात हेस्टर आहे."

"मग?"

"मग तुझ्या घरात मी."

मी उशी उचलली आणि हेस्टरबाईंच्या घरी गेले.

आता मार्च उजाडलाय आणि एकाही कागदावर सही नाही. बंगल्यातला नळ गळला की हेस्टरबाई डेस्मंडला फोन करतात, "घर तुझं आहे, तूच बघ." माडीवरची हीटिंग बंद पडली की डेस्मंड मला बोलावतो. छप्पर ठिबकलं की मी हेस्टरबाईंच्या मागे लागते. वरच्या खोल्या भाड्याने द्यायचं नुसतं बोलले, तर त्या म्हणाल्या, "दे की, निम्मं माझं."

काल जाइल्स फाइल घेऊन बंगल्यावर आला. आम्ही तिघंही तिथेच होतो.

"मला एकदा नीट सांगा," तो रडवेला होऊन म्हणाला, "यात विकणारं कोण आणि घेणारं कोण?"

मी बोटांवर मोजायला घेतलं.

"सध्या भाव काय चाललाय?" हेस्टरबाईंनी विचारलं.

"वाढतोय," जाइल्स म्हणाला.

"मग घाई कशाला?" असं म्हणत त्या उठल्या आणि सपाट जमिनीवरून, काठी न घेता, त्याच्यासाठी चहा करायला आत गेल्या.