चुकीच्या दारावर बारा थापा

आदल्या संध्याकाळी टीव्हीवर पाटी आली: रिसीव्हरसाठी नवं सॉफ्टवेअर आलं आहे, घालायचं का?

"नाही म्हणा," तसादित म्हणाली. "उद्या फेरूजा निघायचीय. चालतंय ते चालू द्या."

मेझियानने हो म्हटलं. समुद्रापलीकडे, सेंत-एतियेनच्या कारखान्यात त्याने तीस वर्षं मोटारी दुरुस्त केल्या होत्या, आणि यंत्राने काही मागितलं की ते द्यायचं, ही सवय तो पेन्शनबरोबरच घेऊन आपल्या गावी, इघिलला परतला होता. टीव्ही दहा मिनिटं काळा राहिला, मग पुन्हा लागला. चित्र आधीपेक्षा स्वच्छ दिसत होतं. मेझियानने बायकोकडे पाहिलं. बायकोने पाहिलं नाही.

सकाळी त्याने लॅपटॉप उघडला आणि त्याला रिसीव्हर सापडेना.

रिसीव्हरच्या डिस्कमध्ये एक गाणं होतं. दोन वर्षांपूर्वी ऑलिव्हच्या तोडणीला चॅनलवाले गावात आले होते आणि त्यांनी उतारावर बायकांना गाताना टिपलं होतं. पुढे गाणारी तसादित. त्यानंतरच्या हिवाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गळा बरा झाला, आवाज मात्र गेला. "आता मी कॉफी दळायच्या जात्यासारखी बोलते," असं तीच हसत सांगायची. शनिवारी तिकडे सेंत-एतियेनला नातीचं, थिझिरीचं लग्न होतं. तसादितला व्हिसा मिळाला नव्हता. दोन दिवसांनी ती म्हणाली, "मी नाही तर नाही. माझा आवाज जाईल." मेंदीच्या वेळी ते गाणं लावायचं ठरलं. गावची नर्स फेरूजा लग्नालाच निघाली होती, ती पेनड्राइव्ह नेणार होती. तिची गाडी दुपारी एकला होती. गावच्या इंटरनेटवरून एवढी मोठी फाइल पाठवायची तर थिझिरीचं बाळंतपण उजाडलं असतं.

पेनड्राइव्ह थेट रिसीव्हरला लावायची सोय नव्हती. मागची खाच मागच्या सालच्या विजेने जळाली होती. फाइल काढायची ती इंटरनेटच्या तारेवरूनच, लॅपटॉपमध्ये.

ती तारही गावचीच होती. गावसभेने एक लाइन घेतली होती आणि सभेच्या गच्चीवरून ती वरच्या आळीतल्या नऊ घरांना वाटली होती. नऊ घरांचे रिसीव्हरही एकाच दुकानातून आणलेले, एकाच जातीचे. त्यातले आठ मेझियानने बसवले आणि ओळखायला सोपं म्हणून प्रत्येकाला त्या घरच्या बाईचं नाव दिलं. नववा शेजारी राहणाऱ्या धाकट्या भावाचा, अरेझ्कीचा. तो त्याचा त्यानेच बसवला, कारण तीन वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं.

कारण अंजिराचं होतं. अरेझ्कीच्या अंजिराची एक फांदी मेझियानच्या डिशच्या आड आली. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात चित्राचे तुकडे पडायला लागले, तेव्हा मेझियान उठला आणि करवतीने फांदी कापून आला, कोणाला न विचारता. दुसऱ्याच्या अंजिराला हात लावणं ही इघिलमध्ये लहान गोष्ट नाही. सभेने माफी मागायला सांगितलं. मेझियान म्हणाला, मागतो. अजून मागायची होती.

तर सकाळी लॅपटॉपवर 'तसादित' नावाची रिसीव्हरची पेटी दिसेना. मेझियानने यादी उघडली. एरवी तो ती उघडतच नसे. यादीत शेवटी रिसीव्हरला कारखान्यातून मिळालेलं मूळ नाव होतं.

"अपडेटने तुझं नाव पुसलंय," तो म्हणाला. "हीच आपली."

"बरं झालं. आणखी काय काय पुसलंय ते बघा."

त्याने त्या नावावर टिचकी मारली. पासवर्ड मागितला. आधी कधीच मागत नव्हता. अपडेटबरोबर आलेल्या सूचनेत लिहिलं होतं की आता पासवर्डाशिवाय आत सोडणार नाही, तो रिमोटने ठरवा. मेझियानने रिमोट घेतला, पडद्यावर 'थिझिरी' लिहिलं, मग लॅपटॉपवर तेच लिहिलं.

चुकीचा पासवर्ड.

त्याने पुन्हा लिहिलं. चष्मा पुसून लिहिलं. रिसीव्हर बंद करून चालू केला. तार काढून फुंकर मारली आणि परत लावली. पासवर्ड बदलून नुसता '१२३४' ठेवला. चुकीचा. लॅपटॉप टेबलावरून उचलून थेट पेटीजवळ नेला, जणू लांबून ऐकू येत नसावं. चुकीचा.

तसादितने गरम भाकरी आणि तेलाची वाटी त्याच्याजवळ ठेवली. "साडेअकरा वाजलेत. तसंही तुम्ही त्या गाण्याचं डोकं उडवलंच आहे. धडही हरवलं तर चालेल."

हे त्याला लागलं. प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा तो रिमोट शोधत होता, म्हणून पहिल्या दोन ओळी रेकॉर्डच झाल्या नव्हत्या. आणि त्या दोनच ओळींत पुढची बाई उतारावरून हाक मारते. हाक ऐकली की बाकीच्या ओ देतात आणि गाणं उभं राहतं. हाकेशिवाय सेंत-एतियेनच्या बायका कशाला ओ देणार होत्या? पण जेवढं होतं तेवढं तरी जायला हवं होतं. त्याने पुन्हा पासवर्ड लिहिला.

तेव्हा भिंतीपलीकडून अरेझ्कीचा आवाज आला. तो त्याच्या गाढवीशी बोलत होता. तीन वर्षं मेझियानला काही ऐकवायचं असलं की तो तिलाच सांगायचा.

"ऐकलंस का गं, गाढवी? काही लोकांचं समाधानच होत नाही. आधी झाड कापलं, आता टीव्हीत शिरायला बघतायत."

मेझियानचा हात थांबला. तो अंगणात आला. त्याच्याकडे गाढव नव्हतं, तो कोंबड्याशी बोलायचा.

"कोंबड्या, जरा विचार त्या गाढवीला, तिच्या मालकाच्या टीव्हीवर काय दिसतंय."

"गाढवी, सांग त्याला. लिहिलंय, बाहेरून कोणीतरी बाराव्यांदा चुकीचा पासवर्ड दिला."

"तिच्या मालकानेही काल अपडेट घातलं का?"

"मग? टीव्हीने विचारलं, तर नाही कसं म्हणायचं?"

मेझियानने कपाळावर हात मारला. अरेझ्कीने आपली पेटी खोक्यातून काढून तशीच लावली होती, कारखान्याच्या नावासकट. अपडेटने मेझियानच्या पेटीचंही तेच नाव करून टाकलं. एका तारेवर एका नावाच्या दोन पेट्या, आणि लॅपटॉप दर वेळी जाऊन थांबत होता तो अरेझ्कीच्या दाराशी. अरेझ्कीने पाच मिनिटं पेटी बंद ठेवली की काम झालं. एवढंच सांगायचं होतं. पण हे कोंबड्यामार्फत मागायचं म्हणजे फारच झालं.

"जा ना," दारात उभी तसादित म्हणाली. "कोंबडा काही भिंत ओलांडून जाणार नाही."

तो फाटकातून आत गेला. अंजिराच्या खुंटाला हातभर लांबीचे नवे फुटवे आले होते. गाढवीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. अरेझ्कीने नाही.

"फांदी मी विचारून तोडायला हवी होती," मेझियान म्हणाला.

"विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

अरेझ्की खोगिराचा पट्टा उगाच आवळत राहिला, पण त्याच्या मिशा हलल्या. "सामना तरी दिसला का नीट?"

"हरले."

"ते मला माहितीये. मी इथून तुझ्या शिव्या ऐकत होतो." त्याने पट्टा सोडला. "काय हवंय तुला माझ्या टीव्हीतून?"

मेझियानने सगळं सांगितलं. थिझिरीचं लग्न, व्हिसा, फेरूजाची एकची गाडी, आणि ते गाणं, बिनडोक्याचं का होईना.

"ऑलिव्हचं?" अरेझ्की म्हणाला. "ते माझ्याकडे आहे. अख्खं."

"तू कशाला घेतलंस?"

"आपल्या आईचं गाणं आहे ते. वहिनी शिकल्या कोणाकडून? चॅनल लागायच्या तासभर आधीपासून मी रिमोट हातात धरून बसलो होतो." तो घराकडे वळला. "अबोला तुझ्याशी होता, दा मेझियान. वहिनींच्या गळ्याशी नव्हता."

तीन वर्षांत पहिल्यांदाच तो 'दा', म्हणजे दादा, म्हणाला होता. मेझियान धावत लॅपटॉप घेऊन आला, धाकट्या भावाच्या बैठकीत मांडी घालून बसला आणि त्याच नावावर टिचकी मारली.

"पासवर्ड?"

अरेझ्कीने खिडकीतून बाहेर पाहिलं. "अंजीर."

"काय?"

"ऐकलंस ते. काल संध्याकाळी दुसरं काही सुचेना."

तेराव्यांदा दार उघडलं. फाइल निघाली आणि पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. अरेझ्कीच्या बायकोने कॉफी आणली. बारा चाळीसला पट्टी भरली. मेझियानने फक्त खात्री करायला गाणं लावलं. वारा ऐकू आला, फांद्या झोडपल्याचा आवाज, आणि मग तसादितची हाक, उंच आणि लांब: कोण गं त्या उतारावर, माझ्या लेकीला पाहिलं का कोणी? पलीकडून दहा-बारा गळ्यांनी ओ दिली.

भिंतीपाशी तसादित उभी होती. तिने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं. "डोकं सापडलं वाटतं," ती जात्यासारख्या आवाजात म्हणाली.

फेरूजाची गाडी सात मिनिटं उशिरा निघाली.

शनिवारी दुपारी मेझियान शिडीवर होता. डिश तो पश्चिमेच्या कोपऱ्यात हलवत होता, म्हणजे अंजिराला हवं तेवढं वाढता आलं असतं. खाली अरेझ्की होकायंत्र घेऊन उभा होता. "डावीकडे, दा. अजून. अरे, तुझी डावी नव्हे, माझी डावी." आतून तसादित चित्र आलं का ते सांगणार होती, पण ती बाहेर आली, हात पुढे करून. हातात फोन होता.

फोनमधून तिचीच हाक येत होती. आणि तिकडे, मेंदी लावलेल्या नातीभोवती बसलेल्या कितीतरी बायका ओ देत होत्या. त्यातल्या अर्ध्या त्या शहरातच जन्मलेल्या होत्या, तरी चुकल्या नाहीत.

तसादितने फोन तोंडाशी नेला आणि त्या घोगऱ्या आवाजात तीही त्यांच्याबरोबर ओ देऊ लागली.

"ऐकतेस ना?" अरेझ्की सवयीने गाढवीला म्हणाला. मग त्याने वर पाहिलं. "ऐकतोयस ना, दा?"

मेझियान ऐकत होता. डिश त्याच्या हातात तशीच राहिली होती, आभाळाकडे तोंड करून, कुठल्याच उपग्रहाकडे नाही.