खाली न ठेवलेला कटोरा

मित्रांनो, मी कथलाचा एक जुना कटोरा आहे. बॉस्टनच्या एका कारागिराने मला साच्यात ओतले आणि नदीकाठच्या आमच्या गावाने बाळांच्या बाप्तिस्म्यासाठी मला विकत घेतले. दिसायला मी साधाच. पण गावातल्या बहुतेकांच्या कपाळाला माझे पाणी लागले आहे. हिवाळ्यात प्रार्थनाघरात इतके गारठायचे की माझ्यातला बर्फ अंगठ्याने फोडावा लागे. बाळे किंचाळत आणि आया हसत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मला सांभाळण्याचे काम डीकन, म्हणजे प्रार्थनाघराचे कारभारी, अझराया यांचे. रविवार सोडला तर मी त्यांच्याच घरी असे. ते मला स्वतः राखेने घासत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. त्यांची लेक मेहिटेबल लहानपणी गुपचूप माझ्यात तोंड बघायची आणि त्यापायी मार खायची.

मग गाव बदलले. पूर्वी पुढच्या बाकांवर वडीलधारी माणसे बसत. कॅप्टन लोथ्रॉपची गलबते साखर आणि रम आणू लागली, तसे पुढचे बाक पैसेवाल्यांचे झाले आणि म्हातारे खांबाआड गेले. त्यातच एक फिरता उपदेशक आला. गवताच्या कोठारात उभा राहून तो सांगे, देव बाक बघत नाही. माणसे ढसाढसा रडली आणि निम्मे गाव त्याच्या मागे गेले. मेहिटेबलही गेली. डीकननी लेकीशी बोलणे टाकले. पुढे उपदेशकाला गावाबाहेर काढले आणि कोठार ओस पडले.

त्याच हिवाळ्यात मेहिटेबलला मुलगा झाला. त्याच्या पोटात दूध ठरेना. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाला स्वर्ग मिळत नाही, असे गावात मानत. ती त्याला शालीत गुंडाळून बापाच्या दारात आली.

"बाबा, ह्याचा बाप्तिस्मा करून द्या. हा राहायचा नाही हो."

"घरी होत नाही तो, तुला ठाऊक आहे. रविवारी सगळ्यांसमोर चूक कबूल कर. मंडळींनी हात वर केले तर होईल."

"करते. म्हणाल ते म्हणते."

रविवारी ती बाकांच्या मधल्या वाटेवर उभी राहिली. उपासना चालवणारे पाळक म्हणाले, "कोठारात गेलीस ते पाप होतं, म्हण."

"पाप होतं."

"मोठ्यानं."

"पाप होतं, पाळकसाहेब! आता लवकर करा ना, त्याला धाप लागलीय!"

"हा पश्चात्ताप म्हणायचा की घाई?" कॅप्टन पुढच्या बाकावरून म्हणाला. दोघे-तिघे हसले.

पाळकांनी हात वर करायला सांगितले. खांबाआडचे हात लगेच वर गेले. पुढच्यांनी कॅप्टनकडे पाहिले आणि हात मांडीवरच ठेवले. मोजणी झाली. बरोबरी! राहिले एकटे डीकन. ते मला दोन्ही हातांनी धरून उभे होते. माझ्यात पाणी भरलेले होते.

"बाबा," मेहिटेबल म्हणाली.

मित्रांनो, टेबल हातभर अंतरावर होते. मला खाली ठेवायचे आणि एक हात उचलायचा, एवढेच होते. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण त्यांनी मला अधिकच घट्ट धरले. कॅप्टन खाकरला.

"पुढच्या रविवारी पुन्हा बघू," पाळक म्हणाले.

बाळाने तो रविवार पाहिला नाही.

माती देऊन झाल्यावर डीकन मला घेऊन लेकीच्या घरी गेले. "पोरी, माझ्या हातात भांडं होतं गं," ते म्हणाले.

"मग धरून बसा आता," असे म्हणून तिने दार लावून घेतले.

पुढे कॅप्टनने स्वतःचे नाव कोरलेला चांदीचा कटोरा दिला आणि प्रार्थनाघरातले माझे काम संपले. पण डीकन मला सोडत नाहीत. जेवतानाही मी त्यांच्या मांडीवर असतो आणि समोरचे जेवण निवून जाते. माझ्यावर एक डाग नाही. त्या चकाकीची मला शिसारी येते.

मित्रांनो, घरची भांडी जरूर घासा, पुसा, जपा. पण कोणी जिवाच्या आकांताने तुमच्याकडे बघत असेल, तर हातातले आधी खाली ठेवा. वेळ नसेल तर टाकून द्या. आम्ही भांडी आहोत, आम्हाला फार तर पोचा येतो.