न सुटलेल्या पट्ट्याचं गाऱ्हाणं

मी एक जुना कमरपट्टा आहे, पण पँटीत ओवतात तसला नव्हे. लोणावळ्याच्या स्केटिंग हॉलमध्ये छताच्या कप्पीवरून दोरी खाली येते, तिच्या टोकाला मी असतो. चाकांचे बूट घालून मुलं उडी आणि गिरकी शिकतात तेव्हा मला त्यांच्या कमरेला बांधतात. दोरीचं दुसरं टोक प्रशिक्षकाच्या हातात. मूल घसरलं की त्यानं दोरी ओढायची आणि मी त्याला वरच्या वर झेलायचं. मित्रांनो, काम चांगलं आहे, माणसांचा मात्र मला वीट आलाय.

मला सीतारामनं शिवलं. तो घोड्यांचे पट्टे शिवायचा. देहूरोडच्या लष्करी लिलावातलं जाड कॅनव्हास, दुहेरी टाका, पितळी बकल. "ह्यो घोड्यालाबी तुटायचा न्हाई," असं म्हणून त्यानं मला हॉलच्या हवाली केलं. तुटलो नाहीच. पावसाळ्यात अंगावर बुरशी चढते, पोरांचा घाम मुरतो आणि नऊ वर्षांत मला दोनदाच धुतलंय. माझा वास मलाच सहन होत नाही, तरी सोसलं.

कारण तेव्हा इथले दोन प्रशिक्षक, सुहास सर आणि अनघा मॅडम, यांचं काम बघत राहावं असं होतं. त्यांचा नियम एकच: दोरी ज्याच्या हातात, त्याचं तोंड बंद. सर दोरी धरायचे, मॅडम एकट्या बोलायच्या. सर खांद्यांकडे बघत, मॅडम पायांकडे. मग दोघं बाहेर पायरीवर चहा पीत, काय चुकलं ते आपसात ठरवत आणि मुलाला एकच गोष्ट सांगत. वडिवळ्याची बारा वर्षांची कोमल अशीच तयार झाली. दोन गिरक्यांची उडी जमली की तिला राज्य स्पर्धेत जागा मिळणार होती.

तेवढ्यात कोमल जिल्ह्यात पहिली आली आणि तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर सरांचा फोटो मोठा, मॅडमचा छोटा. झालं, पायरीवरचा चहा बंद. सर कोमलच्या कानात सांगायचे, "उडताच हात घट्ट मिटून घे." मॅडम दुसऱ्या कोपऱ्यात, "हात उशिरा मिट, त्यांचं ऐकू नकोस." मी तिच्या कमरेलाच, मला दोन्ही ऐकू यायचं आणि शिसारी यायची. पोरगी बिचारी दोन्हीकडे मान हलवायची.

निवडीला आठ दिवस उरले होते. मॅडम म्हणाल्या, "थांब." दोरी धरलेले सर त्याच क्षणी म्हणाले, "मार उडी." कोमल अर्धवट उडाली. सर तोवर मॅडमशी भांडायला वळले होते, दोरी हातात सैल. मी कमरेला घट्ट होतो, पण वरून ओढणारं कुणी नव्हतं. कोमल मनगटावर पडली आणि हाड मोडलं.

खरी घाण पुढेच आहे. महिनाभर एकमेकांचं तोंड न बघणारी ती दोघं पाच मिनिटांत एक झाली. कोमलचे आजोबा भिकाजी आबा आले तेव्हा दोघंही एका सुरात म्हणाली, "पट्टा जुना होता आबा, बकल सुटलं." थू. करणारे नामानिराळे आणि खापर माझ्या माथी. मला उंदरांच्या लेंड्यांनी भरलेल्या खोक्यात फेकलं. राज्य स्पर्धा कोमलशिवाय झाली.

प्लास्टर निघाल्यावर कोमल आबांना घेऊन आली. कप्पीला नवा पट्टा लटकत होता. तिनं खोकं उपसून मला काढलं, बकल दोनदा ओढून पाहिलं आणि त्या दोघांसमोर धरलं.

"ह्यो सुटला न्हवता. तुमी सोडलं."

सर नव्या पट्ट्याकडे बोट दाखवू लागले.

"मला शिकायचंय," कोमल म्हणाली. "पन दोरी आबा धरतील. बोलायचं एकानंच. कुनी, ते भाईर पायरीवर ठरवून या."

आबांनी दोरीचा वेढा तळहातावर घेतला. बैलांचा कासरा धरलेला तो हात, त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती दोघं बाहेर गेली. बऱ्याच वेळानं पायरीवरून दोन चहांची ऑर्डर ऐकू आली.

मित्रांनो, आम्हाला धुवा, उन्हात वाळवा, एवढं मागणं आहेच. पण दुसऱ्याची दोरी हातात घ्याल तेव्हा आधी तोंड मिटा आणि लक्ष तिच्यावर ठेवा. कोमलनं मला घरी नेऊन रिठ्यानं धुतलं. नऊ वर्षांचा घाम एका दुपारीत निघाला. त्या दोघांच्या खोट्याचा वास मात्र अजून येतो.